मडक्यातल्या सासऱ्यांचा बाप्तिस्मा

जगातल्या चार थोर संस्कृतींचा संगम पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी झाला आहे, आणि ते ठिकाण म्हणजे देस्ना नदीकाठचं आमचं गाव. दक्षिणेकडून ग्रीकांचा देव आला. उत्तरेकडून वरंग्यांची तलवार आली. पूर्वेकडून खझरांचे घोडे आले, आणि घोड्यांच्या मागोमाग कर मागणारे आले. सूर्य मावळतो त्या अंगानं बल्गारांची अक्षरं आली. आता संगमाच्या जागी जे असतं तेच आमच्याकडं आहे. चिखल. वसंतात तो गुडघ्यापर्यंत असतो आणि एरवी डोक्यात.

आमच्या वडिलांच्या वेळी राजाची माणसं येऊन सगळ्या गावाला नदीत उभं करून गेली. पुरुष वरच्या अंगाला, बायका खालच्या. पाणी गार, माणसं फार, एकेकाला नाव देत बसायला वेळ कुणाला होता. पहिली तुकडी सगळी वसिली झाली, दुसरी सगळी इव्हान. बायका तर सरसकट येव्दोकिया. त्यामुळं आमच्या गल्लीत उभं राहून ‘वसिली’ म्हणून हाक मारली तर एकही मान वळत नाही. घरात जुनं नाव चालतं, नवं नाव देवापुढं काढायचं, सणाच्या बुटांसारखं.

घरातही तसंच. उगवतीच्या कोपऱ्यात तसबीर आणि भट्टीमागं घरातला म्हातारा. म्हातारा म्हणजे घर राखणारा, दिसत नाही तो. आमच्या सासूबाईंनी दोघांत तह घडवून आणला होता. तसबिरीला मेणबत्ती, म्हाताऱ्याला लापशीचा पहिला चमचा. "ज्याला जे पचतं ते द्यावं," असं त्या म्हणायच्या. तक्रार दोघांकडूनही आली नव्हती.

तर अशा या आमच्या सासूबाई, बेल्याना, त्या वर्षी बर्फ वितळायच्या सुमारास भट्टीशेजारच्या बाकावर पडल्या त्या उठेनात. गवतकापणीच्या आत मी जाणार, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, आणि त्यांनी जाहीर केलेलं कधी टळलं नव्हतं. माझी बायको नेज्का बाबा लेओन्तींना बोलावून आली.

बाबा लेओन्ती आमच्या देवळाचे पुरोहित. मूळचे ग्रीक. माणूस मनानं लोण्यासारखा. पण आमची भाषा पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं फार शुद्ध बोलायचे आणि म्हणून चटकन कुणाला कळायचं नाही.

"माते, भय नसावे," ते बाकाशी बसून म्हणाले. "स्वर्गात ना क्षुधा, ना तृषा, ना शीत."

"बरं आहे की. आणि आमचे हे?"

"कोण हे?"

"रातमीर. माझे मालक. ते आहेत का तिथं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भट्टीकडं पाहिलं. राजाची माणसं आली त्या दिवशी सासरे रानात मध काढायला गेले होते. त्यानंतरही जेव्हा जेव्हा पुरोहित यायचे तेव्हा तेव्हा सासऱ्यांचा मध नेमका पिकलेला असायचा. ते गेले तसेच, कोरडे. आम्ही त्यांना रीतीप्रमाणं जाळलं, राख आणि हाडं मडक्यात भरली आणि मडकं गावाबाहेरच्या तिठ्यावर खांबावर ठेवलं, त्यांच्या वडिलांचं ठेवलं होतं तसंच. तिथून जाणारे-येणारे दिसतात. सासऱ्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं.

"ते अन्यत्र आहेत," बाबा म्हणाले.

"अन्यत्र म्हणजे कुठं?"

"जेथे अग्नी आहे, माते."

"पुन्हा?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, एकदा नीट जाळलंय आम्ही. मी स्वतः उभी होते."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "मग मीही तिकडंच जाते. मला पुरू नका. जाळा, आणि तिठ्यावर ठेवा."

"आई, असं काय करतेस," नेज्का म्हणाली. "मला तर देवळामागं पुरणार. मग मी तुला कुठं शोधू?"

"तू नवऱ्याबरोबर जा."

"ह्यांचा काय भरवसा. हे कुठं जातील ते ह्यांना तरी माहीत आहे का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगायचं तर मी अजून ठरवलं नव्हतं. मी पहिल्या तुकडीतल्या वसिलीचा मुलगा वसिली, आणि सासूबाई पडल्यापासून भट्टीमागं लापशी ठेवत होतो तोही मीच. पण नेज्काचे डोळे भरले होते आणि ते विनोदाचं काम नव्हतं. तिला आई देवळामागच्या मातीत हवी होती. आईला नवरा हवा होता, असेल तिथं. नवरा मडक्यात होता.

दुसऱ्या दिवशी शेजारचा केतिल आला. केतिल वरंगी. तरुणपणी ग्रीकांच्या राजधानीत, त्सारग्रादला, बादशहाच्या दारावर पहारा करायचा, त्यामुळं ग्रीकांविषयी त्याला सगळं माहीत होतं, दाराच्या बाहेरून. आता म्हातारा झाला होता, त्याचं शेत तिठ्याला लागून होतं आणि तलवार कोबी कापायच्या कामी आली होती. येताना त्यानं वाळवलेला मासा आणला होता.

"त्याच्याबरोबर खारातली अळंबी पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "पण माझं ते मडकं गेलं तेव्हापासून या घरात धड काही मुरलं नाही. कडेचा टवका उडालेला होता, पण तसं मडकं पुन्हा होणे नाही. जावईबापूंनी फोडलं. सांगत नाहीत."

"मी नाही फोडलं, सासूबाई."

"मी कुठं ओरडले? सांगत नाहीत एवढंच म्हटलं."

केतिल माशाचे काटे फार मन लावून काढत होता. मग एकाएकी म्हणाला, "चेर्निगोवच्या बाजारात ऐकलं ते कळलं का तुम्हाला? कीवच्या राजानं आपल्या दोन काकांची हाडं उकरून काढली. केव्हाच मेलेले काका, बाप्तिस्मा नसलेले. त्यांच्या हाडांना बाप्तिस्मा दिला आणि देवळात नेऊन ठेवलं."

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड इकडं फिरवलं. कालपासून पहिल्यांदाच. "बाबांना बोलवा," त्या म्हणाल्या.

बाबा आले, आणि विषय कळल्यावर खोकायला लागले.

"हे शास्त्रात नाही," ते म्हणाले.

"पण झालं का?"

"झाले, असे ऐकिवात आहे."

"देव काही म्हणाला?"

"अद्यापि नाही."

"मग? राजाच्या काकांना चालतं ते आमच्या ह्यांना का नाही? राजाच्या काकांना मध तरी काढता येत होता का?"

बाबा दाढी कुरवाळत बसले. नेज्का त्यांच्यापुढं हात जोडून उभी राहिली. शेवटी ते म्हणाले, "अस्थी आणाव्यात. मी यत्न करीन. नाम वसिली ठेवू."

"नाव बदलणार?" सासूबाई काळजीत पडल्या. "मग मी तिथं हाक मारली तर ह्यांना कळेल का ते वसिली आहेत म्हणून?"

"त्यांस कळेल."

"कसं कळेल? जिवंतपणी रातमीर म्हणून हाक मारली तरी कळायचं नाही."

यावर केतिल म्हणाला, "मी काय म्हणतो, मडकं इथं आणायची काय गरज आहे? तिठ्याच्या दिशेला इथूनच पाणी उडवा. देव काय आंधळा आहे?" एरवी दारावरचा पहारेकरी कुणालाही सहज आत सोडायला निघाला की समजावं, आत काहीतरी भानगड आहे. पण मला तेव्हा सुचलं नाही. मी वसिली आणि रातमीर या दोघांतला एक स्वर्गात आणि दुसरा खांबावर असं चित्र डोक्यात उभं करायच्या प्रयत्नात होतो.

तिठ्यावर जायच्या आधी झोरानाचं सांगायला हवं. झोराना ओढ्यापलीकडची विधवा. मागंपुढं कुणी नाही. सासऱ्यांची मधाची झाडं ओढ्यापलीकडं होती, आणि काही वर्षं असा मध पिकायचा की सासरे रात्ररात्र तिकडंच. गावाला माहीत होतं. सासूबाईंनी तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त गिरणीला जायचा ओढ्यावरचा रस्ता सोडला आणि जन्मभर लांबून गेल्या. झोराना सासऱ्यांनंतर वर्षभरात गेली. जाताना म्हणाली, मला रातमीरच्या शेजारच्या खांबावर ठेवा. मरणाऱ्या बाईला कोण नाही म्हणणार. ठेवली. सासूबाई तिठ्यावर जायच्याही बंद झाल्या.

तिठ्यावर दोन खांब होते तिथं एकच खांब होता.

"दुसरा कुठाय?" मी विचारलं.

"पडला," केतिल म्हणाला. "मागं वादळ झालं ना. दोन्ही पडले. मी हा परत उभा केला. शेजारधर्म."

खांबावर एक मडकं होतं. एकच. बाबा लेओन्ती दुसरीकडं तोंड करून मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागले, कारण आता आम्ही जे करणार होतो ते त्यांना दिसायला नको होतं. मेलेल्यांचं झाकण त्यांना विचारल्याशिवाय उघडता येत नाही. मी खांबाखाली उकडलेलं अंडं ठेवलं, मधाची दारू ओतली, "सासरेबुवा, जरा काम आहे" म्हटलं आणि झाकण काढलं. पुरुषाच्या राखेत आम्ही चकमकीचं लोखंड ठेवतो, बाईच्या राखेत चातीची चकती. म्हणजे पुढं गेल्यावर एकाला चूल पेटवता येते आणि दुसरीला सूत काढता येतं.

मडक्यात चकमक होती. चकतीही होती.

मी केतिलकडं पाहिलं. केतिल आपल्या कोबीकडं बघत होता.

"वारा सुटला होता," तो म्हणाला. "दोन्ही मडक्यांचा चुरा. राख राखेसारखीच दिसते, मी काय करणार? दोघंही उडून जाण्यापेक्षा एकत्र बरे, असा विचार केला. हाताशी मडकं होतं, त्यात भरलं."

"आणि सासूबाईंच्या कानावर घालायचं नाही, असाही विचार केलास."

"तो आधी केला."

"केतिल, सासूबाई जन्मभर ओढ्याच्या रस्त्यानं गेल्या नाहीत."

"म्हणून तर म्हणत होतो, घरूनच पाणी उडवा."

मडकं घेऊन आम्ही घरी आलो आणि आत जायची हिंमत कुणात नव्हती म्हणून ओसरीतच थांबलो. नेज्का बाहेर आली. तिला हळू आवाजात सांगितलं. ती पायरीवर बसली.

"आईला सांगायचं नाही," ती म्हणाली. "पाणी शिंपडा आणि पुरून टाका. बाबांच्या नावानं."

"अशक्य," बाबा म्हणाले. कुजबुजणं त्यांच्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळं गल्लीभर ऐकू गेलं. "पात्रात दोन जीव आहेत. एकास जल आणि एकास नाही, हे जलास कसे कळावे? दोघांसही द्यावे लागेल. आणि प्रत्येकास धर्माचा जामीन हवा. पुरुषास पुरुष, स्त्रीस स्त्री. मृत मनुष्य स्वतः वचन देऊ शकत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याने उभे राहून द्यावे लागते, आणि तो त्याचा धर्मपिता होतो."

"सासऱ्यांना मी," केतिल म्हणाला. त्याला भरपाई करायची होती.

"आणि झोरानास?"

झोरानाला मागं कुणी नव्हतं. मेलेल्यांच्या सणाला तिच्या खांबाखाली कुणी अंडंसुद्धा ठेवत नव्हतं. मी नेज्काकडं पाहिलं.

"मी?" नेज्का म्हणाली. "त्या बाईची आई? आईच्या घरात बसून?"

"मग स्वर्ग दोघांसही बंद," बाबा म्हणाले, आणि त्यांनाच फार वाईट वाटलं.

आतून भिंतीवर काठीचे ठोके पडले. "आत या सगळे. शुद्ध भाषेतलं मला कळत नाही असं वाटतं की काय तुम्हाला?"

आत गेलो. मडकं मी बाकाशी जमिनीवर ठेवलं. सासूबाईंनी खाली वाकून त्याच्याकडं पाहिलं, फार वेळ. आधी मडक्याकडं, मग केतिलकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता काहीतरी फुटणार.

"चकती आहे तिची?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"गुलाबी दगडाची?"

"हो."

"तिची आई कीवहून घेऊन आली होती. एवढीच चीज होती बाईकडं." भट्टीत लाकूड तडतडलं. "खांबाखाली तिला कुणी काही ठेवत नव्हतं?"

"कोण ठेवणार, सासूबाई."

"हं." मग बाबांकडं वळून म्हणाल्या, "मला सांगा, मी तिची जामीन राहिले तर ती माझी कोण लागेल?"

"धर्मकन्या."

"म्हणजे मुलगी. तिथंसुद्धा?"

"तेथे तर अधिकच. हे नाते रक्ताहून घट्ट."

"आणि माझ्या मालकांची ती कोण?"

बाबांनी थोडा विचार केला. या विषयात मात्र ते पक्के होते. "धर्ममातेचा पती तो पित्यासमान. ती त्यांचीही कन्या. त्या दोघांत अन्य कोणताही संबंध धर्माने सर्वथा वर्ज्य आहे. अनंतकाळ."

"अनंतकाळ," सासूबाई म्हणाल्या. त्या शब्दाचा अर्थ त्यांना पहिल्यांदाच पटला असावा. "मला उठवून बसवा."

नेज्कानं त्यांना उशीला टेकवून बसवलं, डोक्याला धुतलेला रुमाल बांधला. बाबांनी पाणी मागवलं. मी मनातल्या मनात नाती जुळवायला लागलो आणि तिथंच माझं डोकं अडलं. झोराना माझ्या बायकोची बहीण, म्हणजे माझी मेहुणी. केतिल सासऱ्यांचा बाप, म्हणजे माझा आजेसासरा. त्याला आजपासून अहो म्हणायचं का? आणि सासूबाई केतिलच्या सूनबाई, म्हणजे त्याच्यापुढं त्यांनी मान खाली घालायची. हे मी केतिलच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, असली आशा मी धरत नाही.

"स्त्रीचे नाम येव्दोकिया," बाबांनी सुरुवात केली.

"ते नको. ते माझं आहे."

"ग्रामातील सर्व स्त्रियांचे आहे, माते."

"असू दे. तिथं ह्यांनी येव्दोकिया म्हणून हाक मारली तर दोघी ओ देऊ. दुसरं द्या."

अन्ना ठरलं. मग मावळतीकडं तोंड करून जामिनानं सैतानावर थुंकायचं असतं, बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या वतीनं. केतिल पहारेकऱ्यासारखा ताठ उभा राहून थुंकला. मावळतीला माझे बूट ठेवलेले होते, पण तो विषय वेगळा. सासूबाईंनी विचारलं, "हे तिच्या वतीनं ना? तिच्यावर नाही?"

"तिच्या वतीने. सैतानावर."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं बरीच वर्षं साठवलेलं आता बाहेर येणार. पण त्या अगदी हलकेच थुंकल्या, मूल झोपलेलं असताना थुंकावं तशा. "झालं," म्हणाल्या. "वचन देते. नीट वागेल ती. मी असेन तिथं."

बाबांनी मडक्यात तीनदा पाणी घातलं. वसिली म्हणाले, अन्ना म्हणाले. राख आणि पाणी मिळून जे व्हायचं ते झालं, म्हणजे चिखल, आणि त्यात कोण वसिली आणि कोण अन्ना हे देवानंच बघावं. भट्टीमागं काहीतरी खुट्ट वाजलं. घरातल्या म्हाताऱ्याला हे मान्य होतं की नव्हतं ते कळलं नाही. बाबांनी न ऐकल्यासारखं केलं.

"आता दोघांसही देवळामागे भूमी देऊ," बाबा म्हणाले. "आणि माते, तुम्हांसही, काळ येईल तेव्हा, त्यांच्याच शेजारी. चालेल ना?"

"चालेल," सासूबाई म्हणाल्या.

नेज्कानं बाबांच्या हाताचं चुंबन घेतलं, मग आईच्या कपाळाचं. केतिलनं नाक शिंकरलं. मीही तसबिरीकडं तोंड करून क्रुसाची खूण केली, आणि चुकून पहिला चमचा कुठं ठेवला हे आठवायला लागलो. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं ते मला कधीच कळलं नाही, पण आम्ही सगळे जिथं होतो तिथं उभे राहिलो, आणि काही वेळ चारही दिशांनी काही आलं नाही.

"बाबा, एक विनंती आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बोला, माते."

"पुरताना नुसतं आतलं पुरा. मडकं नको. ते माझं अळंबीचं आहे. केतिल, राखेनंच घास, चांगलं निघतं, आणि संध्याकाळच्या आत आणून दे."